चांदणी

देवरीच्या पुढं, रस्त्याला लागून पहिलं घर पंचफुलाबाईचं.
भिंत लांबरुंद, कवेलूच्या सावलीत.
कंपनीच्या माणसाला ती मोटरसायकलवरूनच आवडली.
म्हणाला, पेंटर, इथं.
बाईला घरभर चुना फुकट,
मला चौरस फुटाला सहा रुपये.

मजकूर त्यानं कागदावर लिहून आणला होता.
'एका रुपयात कुठंही बोला.'
एकाचा आकडा माणसाच्या उंचीचा,
'कुठंही' पिवळं, ट्रकवाल्याला दिसेल असं.
आणि आकड्याच्या डोक्याशी एक चांदणी,
बोराएवढी.
तशीच दुसरी खाली, जोत्याजवळ,
कोंबड्या माती उकरतात तिथं.
तिच्यापुढं दोन ओळी.
मी विचारलं, एवढं बारीक वाचणार कोण?
तो म्हणाला, ते लिहायचं असतं, पेंटर.
वाचायचं नसतं.

डिस्टेंपर त्याचा. पाणी घालून घालून ताक झालेला.
बारीक अक्षरांना चालेना, ओघळायचा.
म्हणून खालची चांदणी आणि त्या दोन ओळी
माझ्या डब्यातल्या काळ्या ऑइलपेंटनं काढल्या,
शून्य नंबरच्या ब्रशनं,
उकिडवं बसून, श्वास धरून.
पंचफुलाबाईनं कोरा चहा दिला.
म्हणाली, चांदनी बरी काढली, भाऊ.
शोभते.

तिची रेवता हद्दीपलीकडं दिलेली.
जंगलातून पायवाटेनं साडेतीन कोस.
वारा तिकडून असला
तर तिथल्या लग्नाचं डफडं इथं ऐकू येतं.
पण मधे एक नाला,
आणि नाल्यापलीकडं दुसरं राज्य.
तोवर मायलेकीचं मिस्ड कॉलवर भागत होतं:
एक घंटी, पोचली.
दोन, बरी आहे.
तीन वाजल्या तर निघून ये.
भिंत रंगली तशी पंचफुलाबाई म्हणाली,
रुपया तं रुपया. आवाज तं आयकू.

आणि बोलली.
मोहफूल किती वेचलं,
पाय सुजतात का अजून,
कितवा लागला,
सासू आंबट खाऊ देते का.
मधेच लेक गप्प झाली,
मग हीसुद्धा गप्प राहिली,
ते गप्प राहणंही मोजलं गेलं.
पन्नासाचं रिचार्ज
एका दुपारी.

मी पुढच्या गावची भिंत रंगवत होतो.
चालत आली. चिडलेली नव्हती.
तुमीच लिवलं न, तं वाचून द्या.
मला पाठ नव्हतं.
कागद खिशात होता, घडीवर फाटलेला.
वाचला.
फक्त राज्यात. फक्त कंपनीच्या नंबरावर. फक्त पहिलं मिनिट.
दर पूर्वसूचनेशिवाय बदलतील.
ती उभी राहिली तशीच.
म्हनजे मंबई रुपयात?
हाव.
अन् रेवता?
मी ब्रश पाण्यात खळखळवत बसलो.
मंबईत माहं कोनी नाही, ती म्हणाली.
निघाली. बाभळीपर्यंत जाऊन वळली.
अन् ते चांदनी कायची होती?

यंदा तिकडून गेलो.
अकरा-बारा पावसाळे झाले असतील.
कंपनी बुडाली म्हणतात, का कोणी विकत घेतली.
एकाचा आकडा धुऊन गेला,
'कुठंही'ची नुसती पिवळी ओल भिंतीवर.
माझा ऑइलपेंट मात्र तसाच,
जोत्याजवळ, काळाभोर.
एक पोरगी उकिडवी बसली होती तिथं,
दुसरी-तिसरीतली असेल,
नाक थेट रेवताचं.
अक्षरांवर बोट ठेवून वाचत होती,
पू र्व सू च ने शि वा य,
कोंबड्या तिच्या पायात.
आतून आवाज आला,
काय वाचून राहिली वं?
काही नाही, आजी,
चांदनीच्या पुढचं.

मी गाडी थांबवली होती.
तशीच चालू केली.